बर्फातलं पिनबॉल आणि सासूबाईंचं टेबल

शिकागो,
रविवार, चर्चमधून आल्यावर, सूप उकळेपर्यंत

ती. जेनीवन्संना लॉटीचा नमस्कार. (गुडघे सध्या संपावर आहेत, म्हणून बसल्या जागेवरूनच. मन मात्र पार जमिनीपर्यंत वाकलंय असं समजावं.)

आधी सगळ्यांची खुशाली विचारते. तुमच्या कानातलं नवं यंत्र आता शीळ घालायचं थांबलं का? पाद्रीबाबा गप्प झाले की तुमचा कान बोलायला लागतो आणि पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघतात, असं तुम्ही लिहिलं होतंत. बघू देत. त्यांचेही कान एक दिवस म्हातारे होतीलच की. नॉर्बर्ट भावोजींचा नवा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी तो चालण्यासाठी बसवलाय, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून दिवसभर माशाची वाट बघत बसण्यासाठी नाही, एवढं त्यांना माझ्या वतीनं सांगा. (ऐकणार नाहीत, पण सांगितल्याचं पुण्य तरी मिळेल.) मेरीजोची पाठ बरी आहे का? तिला म्हणावं, ओझी जावईबापूंना उचलू दे, लग्न कशासाठी केलंय? बॅरन अजून तुमच्याच खुर्चीत झोपतो का, आणि तुम्ही अजून स्टुलावरच बसता का? कुत्र्याला इतकं डोक्यावर चढवून ठेवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि तुमचा डावा हात कसा आहे? हे मी शेवटी विचारतेय, पण खरं तर हे पत्र त्यासाठीच आहे. का ते पुढे येईलच.

इकडचं म्हणाल तर माझा उजवा अंगठा थंडीत अडून बसतो. बरणीचं झाकण म्हणून त्याच्याच्यानं उघडत नाही. तुमच्या बंधुराजांचा रक्तदाब डॉक्टरांच्या मनासारखा नाही. मीठ बंद केलंय. खारवलेली काकडी खाऊ नका म्हणून बजावलं, तर हे बरणीतलं पाणी पितात आणि वर म्हणतात, "काकडी कुठे खाल्ली मी?" अशा माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली, ती तुमच्याच घरची शिकवण मला मिळाली म्हणून.

नाताळात तुम्ही पाठवलेले धुरी दिलेले मासे आणि लोकरीचे मोजे पोचले. मासे फार चविष्ट होते. (मोज्यांना अजून त्यांचा वास येतो. दोन्ही एकाच खोक्यात नव्हते घालायचे, वन्सं. शेजारच्या सोकोरोची मांजर दोन आठवडे माझ्या पायांना सोडेना.) पण पाय उबदार आहेत, आणि ते घातले की तुमची आठवण येते, वासासकट.

फोन का नाही केला म्हणाल, तर केला होता. तुम्ही कानातलं काढून ठेवलं होतंत. भावोजींनी उचलला आणि मला एका माशाची हकीकत सांगितली, जो मासा शेवटी सुटला. हकीकत इतकी लांबली की मी कशाला फोन केला होता तेच विसरले. म्हणून पत्र.

तर ऐका. आपल्या कोपऱ्यावरचा ब्रूनो गुत्ता बंद करतोय. लेकीकडे फ्लोरिडाला चाललाय, कायमचा. दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी आम्ही नेहमीसारखे तळलेला मासा खायला गेलो, तेव्हा त्यानं मला मागच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाला, "लॉटी, हे धूड तुमच्या कारखान्यातलं आहे. मुकं होऊन पडलंय, पण तू एकदा बघ. एक जण घ्यायला टपलाय. तो वरची चित्राची काच भिंतीवर टांगायला विकणार आणि बाकीचं भंगारात घालणार. राखेच्या बुधवारपर्यंत मी थांबतो. उपास सुरू झाले की मी कुलूप लावलं."

आपल्या हातांनी बांधलेलं जुनं पिनबॉलचं यंत्र, वन्सं! "लेक क्वीन" नावाचं. वरच्या काचेवर मुकुट घातलेली बाई पाण्यावर फळीवरून घसरतेय आणि मागे दोन तरुण होडीतून तोंड वासून बघतायत, आठवतं का? आपण दोघी म्हणायचो की या बाईच्या मुकुटाला एकही पिन नाही, मग तो वाऱ्यात राहतो कसा? बाईच्या एका गालाचा रंग पोपडा होऊन गळून गेलाय आता. पण कुणाचा नाही गेला? मी यंत्राच्या डोक्याची, म्हणजे वरच्या दिव्यांच्या पेटीची, मागची झडप उघडली, ब्रूनोनं बॅटरी धरली, आणि आत बघते तर तारांची ती जाडजूड वेणी, मेणदोऱ्यानं बोटबोट अंतरावर बांधलेली, आणि प्रत्येक गाठीचं शेपूट डावीकडे! अख्ख्या खात्यात डाव्या हातानं गाठ मारणारी बाई एकच होती. मुकादम तुमच्या पाठीशी उभा राहून कुरकुरायचा, "जेनी, ही गाठ आरशातली वाटते," आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मग आरशातून बघ." मी तिथेच झडपेत डोकं घालून हसत सुटले. ब्रूनोला वाटलं, मला विजेचा झटका बसला. त्यानं मला मागे खेचलं, त्यात त्याची बॅटरी माझ्या मोज्यावर पडली. (माशाच्या.)

खालच्या खोक्यातली वेणी माझी आहे, हेही मी ओळखलं. शेपटं उजवीकडे आणि मधेच एक गाठ दुहेरी, कारण तुम्ही शिकवलं होतंत की जिथे वळण तिथे विश्वास ठेवू नये, दोन गाठी माराव्यात. वन्सं, मी पोलंडहून या घरात आले तेव्हा मला इंग्रजीत "थँक्यू" आणि "बस" एवढंच येत होतं. तुम्ही मला तुमच्या शेजारच्या बाकावर बसवलंत आणि कागदावरचं वाचता येत नाही म्हणून तारांचे रंग जेवणावरून पाठ करून घेतलेत. पांढऱ्यावर लाल रेघ म्हणजे टेबलक्लॉथवर सांडलेलं बिटाचं सार. पिवळ्यावर काळी म्हणजे मोहरी लावलेलं जळकं सॉसेज. हिरव्यावर पांढरी म्हणजे सासूबाईंचं काकडीचं सॅलड, ज्यात साय कधीच पुरेशी नसते. पुढे मी तारांचे नकाशे वाचायला आपलं आपण शिकले खरी, पण आजही पांढरी-लाल तार दिसली की तोंडाला पाणी सुटतं. हाताला काम लागलं, काम लागलं म्हणून मान ताठ राहिली. ते ऋण फेडायचं नसतं, नुसतं आठवायचं असतं, म्हणून आठवतेय.

(आणि गंमत बघा, इतकी यंत्रं बांधली, पण या शहरात तेव्हा ती खेळायलाच बंदी होती. माल ट्रकमध्ये भरून परगावी. मिठाईवाल्याच्या घरी मधुमेह असावा तशी आपली गत. बंदी उठल्यावर ब्रूनोनं हे इंडियानातून कुणाकडून तरी जुनं आणलं, म्हणजे ते माहेरी परत आलं म्हणायचं. मी मात्र आजतागायत एक गोळीसुद्धा उडवलेली नाही.)

आता घ्यावं की नाही? किंमत ब्रूनोनं अगदी माणुसकीची सांगितली. फुकट देत नाही म्हणाला, कारण फुकटचं कुणी जपत नाही. पैशाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता तुमच्या बंधुराजांचा आणि जागेचा. आपल्या तळघरात हे यंत्र मावेल अशी जागा एकच, ती तुम्हाला ठाऊक आहे: जिथे सासूबाईंचं पांढरं इनॅमलचं टेबल आहे. ज्या टेबलावर तुम्ही, मी आणि त्यांनी इतक्या नाताळांचे पिएरोगी लाटून, सारण भरून करंज्यांसारखे दुमडले, आणि ज्याच्या एका कोपऱ्याला त्यांनी लाटणं आपटून पाडलेला टवका आहे. (तुम्ही ज्या दिवशी सांगितलंत की नॉर्बर्टशी लग्न करणार, त्या दिवशीचा.) हे म्हणाले, "आईचं टेबल हलणार नाही. माझा देह हलेल, टेबल नाही." मी म्हटलं, "बरं." लग्नात एवढी वर्षं काढल्यावर "बरं" या शब्दात काय काय भरता येतं ते तुम्ही जाणता. दोन दिवसांनी आपणहून म्हणाले, "घरी आणून बघ. चाललं तर विचार करू. नाही चाललं तर बुधवारच्या आत परत." ब्रूनोही तयार झाला.

म्हणून मागच्या शनिवारी ब्रूनोच्या ट्रकमधून यंत्र आलं, आणि त्याच दिवशी आभाळ फाटलं. तिकडे उत्तरेत तुमच्या दारात एवढा बर्फ रोजच पडतो, पण इथे तो पडला की माणसांचं काय होतं ते तुम्ही विसरला नसाल. यांनी सकाळपासून फावड्यानं खणून आपल्या दारापुढची गाडीची जागा मोकळी केली होती आणि रिवाजाप्रमाणे तिच्यात स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची मांडून ठेवली होती. महापौर बदलतात, पण ज्यानं खणली त्याची जागा, हा कायदा बदलत नाही. ब्रूनोनं ट्रक मागे घेताना त्या खुर्चीवरच चढवला. खुर्चीचा भुगा झाला. यंत्राचं डोकं वेगळं काढून आत आणलं, पण तळघराच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बर्फाची काच झालेली. हे दोन पायऱ्या उतरले आणि उरलेल्या बसून. (लागलं नाही. मीठ बंद असलं तरी मांस भरपूर आहे.) ब्रूनोला गिऱ्हाइकांसाठी परत जायचं होतं. तेव्हा दोघांनी खोक्याला त्याचे चार पाय लावले, ते त्या मोकळ्या जागेत उभं केलं, मी त्याच्यावर बदकांचं चित्र असलेला न्हाणीघराचा पडदा बांधला, आणि ठरलं की पायऱ्यांवर मीठ टाकून उद्या उतरवू. (म्हणजे घरात मीठ होतं, फक्त यांच्यासाठी नव्हतं. यावर ते दिवसभर बोलत होते.)

झालं, सगळ्या आळीला वाटलं की आम्ही यंदा जागा राखायला पिनबॉल मांडलंय. सोकोरो दारातून ओरडली, "लॉटीकाकू, आम्ही मोडकी बादली ठेवतो, तुम्ही तर अख्खा जुगारखाना मांडलात! पुढच्या वर्षी काय, पियानो?" येणारा जाणारा थांबून पडदा उचलून बघे. पण एकानं त्याला बोट लावलं नाही. मौल्यवान यंत्र रात्रभर रस्त्यावर राहिलं आणि सुईइतकं हललं नाही. बँकेत ठेवलं असतं तर मला इतकी शांत झोप लागली नसती. फक्त यांची स्वतःची गाडी ब्रूनोच्या आवारात अडकली. आपली जागा, आपणच खणलेली, आपणच राखलेली, आणि आपल्याच गाडीला मनाई.

रविवारी जेवणं आटोपत होती तेवढ्यात बाहेर गलका. खिडकीतून बघते तर एक निळी व्हॅन आपल्या जागेत शिरतेय, आणि आपलं यंत्र बर्फाच्या ढिगाऱ्यावर तिरपं पडलंय! तोच तो यंत्रं मोडून विकणारा. ट्रेव्हर नाव, उपनगरातला, टोकदार बूट. ब्रूनोनं त्याला सांगितलं होतं की माल लॉटीकडे आहे, ती नको म्हणाली तर तुझा. बिचारा नुसता बघायला आला होता. जागा दिसली, मधे काहीतरी दिसलं, ते त्यानं बर्फावरून ढकलत बाजूला केलं. त्याच्या गावी प्रत्येकाला आपापला वाहनतळ असतो हो, त्याला काय ठाऊक?

मी कोट घालेपर्यंत सोकोरो सपाता घालूनच बाहेर आली होती, हातात कालथा. "ओ साहेब! ते होतं तिथे ठेवा."

"ही गाडी लावायची जागा आहे ना?"

"आहे. तुमची नाही."

"पण इथे तर पिनबॉल होतं."

"म्हणूनच तुमची नाही!"

तो म्हणाला, "बाई, मी त्या पिनबॉलसाठीच आलोय." हे त्यानं बोलायला नको होतं. "अस्सं! जागा घेतलीत ती घेतलीत, आता जागेची राखणपण नेणार?" असं म्हणत सोकोरोनं तिच्या दोन्ही मुलांना हाक मारली. (मोठे आहेत आता, दोघंही दारातून वाकून येतात.) पाठोपाठ पलीकडची माणसं आली, सकाळपर्यंत जी माझ्या यंत्राला हसत होती तीच. कुणाला पिनबॉलचं सोयरसुतक नव्हतं, प्रश्न तत्त्वाचा होता. आज हिचं यंत्र, उद्या आपली बादली! ट्रेव्हर घाबरून व्हॅन मागे घ्यायला गेला, तर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग ज्यांनी त्याला शिव्या घातल्या त्यांनीच मागून धक्के मारले, चाकांखाली फळ्या घातल्या, मांजरीच्या शौचपेटीची वाळू टाकली, आणि "डावीकडे घे रे बाबा, तुझी डावी!" असं ओरडत त्याला बाहेर काढलं. आपली आळी अजून तशीच आहे, वन्सं. आधी भांडते, मग ढकलते.

एवढी माणसं जमलीच आहेत तर यंत्र उतरवून घ्या, असं मीच म्हटलं. सोकोरोची दोन मुलं, ट्रेव्हर आणि तुमचे बंधुराज, असे चौघं चार कोपऱ्यांना. पायऱ्या उतरले, दारातून आत आले, आणि सगळे थांबले. समोर सासूबाईंचं टेबल. "कुठे ठेवायचं काका? लवकर सांगा, बोटं तुटतायत!" हे तर देह हलेल पण टेबल नाही, असं म्हणून बसलेले. तेवढ्यात यांच्या कोपऱ्याचा पाय निसटून थेट यांच्या पायाच्या अंगठ्यावर आला, आणि मातृभक्त मुलाच्या तोंडून आरोळी निघाली, "टेबल काढा! आधी ते टेबल काढा!" मी आणि सोकोरोनं एका दमात टेबल अंगणात नेलं. माझ्या तोंडावर काय होतं ते सांगता येणार नाही.

मग डोकं जोडलं. हे फ्यूजच्या पेटीपाशी हात ठेवून उभे राहिले, जणू तोफ उडणार आहे. मी बटण दाबलं. आणि वन्सं, वरचं सगळं उजळलं! मुकुटवाली बाई, होडी, आकड्यांची चाकं, एकेक दिवा. चाकं गरागरा फिरली, शून्यावर येऊन थांबली. एवढ्या वर्षांत तुमची एक गाठ सैल झालेली नाही. खाली मात्र मिट्ट काळोख. मी झाकण उचलून बघितलं तर माझ्या वेणीचा मधला हातभर भाग उंदरांनी खाल्लाय. बिटाचं सार, सॉसेज, सॅलड, सगळं फस्त. (आता सांगा, तुमच्या गाठींना उंदीरसुद्धा वचकून असतात की नाही? माझ्या त्यांना चविष्ट लागल्या. याचा अर्थ मी चांगलाच घेणार आहे.) एकच गोष्ट खालची चालत होती. मी आतली एक धातूची पट्टी बोटानं दाबली आणि आतल्या लाकडावर ठोका पडला: टक्! फुकटचा डाव जिंकल्यावर वाजतो तो. कारखान्याच्या टोकाला तपासणीच्या बाकावर दिवसभर वाजायचा तो. मी मान वळवून शेजारी बघितलं, तुम्हाला काहीतरी सांगायला. शेजारी ट्रेव्हर होता.

त्यानंतर फ्यूज उडाला. हे म्हणाले, "मी सांगितलं होतं." (सांगितलं नव्हतं.) पण हातभार लावलेल्या माणसाला उपाशी घालवू नये हा सासूबाईंचा दंडक, म्हणून मी गॅसवर पाणी ठेवलं, चर्चमधून आणलेल्या आशीर्वादाच्या मेणबत्त्या लावल्या आणि नाताळचे उरलेले बटाट्याचे पिएरोगी काढले. टेबल नव्हतं, म्हणून ताटं यंत्राच्या काचेवर मांडली. काच उतरती, त्यामुळे प्रत्येकाचं ताट हळूहळू सोकोरोकडे घसरे. ती म्हणाली, "या खेळात मीच जिंकतेय." ट्रेव्हरनं तीनदा वाढून घेतलं. जाताना व्हॅनमधून नव्या रबरी कड्यांची पिशवी आणून दिली, एक पैसा घेतला नाही, आणि म्हणाला, "आजी, वरचा भाग खणखणीत आहे. खालची वेणी नवी बांधावी लागेल, आणि तशी बांधणारं माणूस माझ्या माहितीत कुणी नाही. जमत नसेल तर कळवा, पण खरं सांगू, न कळवलंत तर मला बरं वाटेल." भला मुलगा आहे. बूट तेवढे बदलायला हवेत.

तर वन्सं, आता सगळा डाव इथे येऊन अडलाय. तारा आखून वेणी बांधायला फळी आहे, खिळे आहेत, मेणदोऱ्याचं रीळ मी शिवणाच्या डब्यात जपून ठेवलंय, रंग तोंडपाठ आहेत. डाख अजून मला छान लावता येतो. पण गाठ मारायला अंगठा लागतो, आणि तो माझ्याजवळ उरला नाही. बुधवारी, म्हणजे येत्या नाही, त्याच्या पुढच्या, मला ब्रूनोला हो किंवा नाही सांगायचंय. नुसते वरचे दिवे बघायला मी ते ठेवणार नाही. मुकी वस्तू घरात ठेवून रोज तिच्यावरची धूळ पुसणं मला जमायचं नाही. हो म्हणायचं तर ते चालायला हवं. नाही म्हटलं तर बाई भिंतीवर टांगली जाईल आणि तुमच्या गाठी भंगारात कापल्या जातील. मी तुम्हाला या म्हणत नाही. तुमचा संसार आहे, भावोजींचा खुबा आहे, कुत्रा आहे. मी फक्त हात कसा आहे विचारतेय.

घेतलं नाही तरी माझी तक्रार नाही. एका आठवड्यात मला तुमच्या गाठी दिसल्या, आळी एकत्र झाली, परका मुलगा घरचा होऊन गेला आणि यांनी स्वतःच्या तोंडानं टेबल काढायला सांगितलं. या वयात आणखी काय मागायचं? सूप उतू चाललंय, थांबते. सर्वांना आशीर्वाद, बॅरनलाही, पण त्याला खुर्चीतून उठवून मग द्या.

तुमची,
लॉटी

ता. क. एक गोष्ट राहिली. म्हणजे राहिली नाही, लिहायचा धीर होत नव्हता. सासूबाईंचं टेबल सध्या रस्त्यात आहे. त्या रविवारी यंत्र आत गेलं आणि आपली खणलेली जागा उघडी पडली. एक गाडी वास घेत आलीच. तेव्हा यांनी घाईघाईत हाताशी होतं ते उचलून मांडलं. ते टेबल होतं. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी आत आणतील. पण यांची गाडी आली ती मागच्या गल्लीत, वळसा घालून, बर्फातून चालत येतात घरी, आणि टेबल तिथेच. मी म्हटलं, "अहो, आईंचं टेबल!" तर म्हणाले, "राहू दे." इनॅमल आहे, गंजणार नाही, वर मी बदकांचा पडदा घातलाय. पण तुमच्या कानावर दुसऱ्याकडून जाण्याआधी माझ्याकडून जावं म्हणून लिहिलं. रागावू नका. रागावलातच तर इथे येऊन रागवा.

आणखी ता. क. (हे मी, कॅझ, लिहितोय. लॉटी सुपाकडे गेलीय, मला पाकीट चिकटवायला सांगितलंय.) जेनी, ही लिहिते त्यातलं अर्धं खरं. अंगठ्यावर यंत्र पडलं ते लागलं होतं, हिनं हसण्यावारी नेलंय. ब्रूनोला मी पैसे पहिल्याच शुक्रवारी दिलेत, मासा ताटात यायच्या आधी. हिला सांगू नकोस, अजून थोडे दिवस विचार करू दे, तिला बरं वाटतं. मला तारांतलं काही कळत नाही. पण त्या झडपेत डोकं घालून ही हसली ना, तशी तुम्ही दोघी कारखान्यातून घरी येताना हसायचात, मला कोपऱ्यावरून ऐकू यायचं. तू उत्तरेला गेल्यापासून ऐकलं नव्हतं. जागा नॉर्बर्टच्या गाडीच्या मापाची खणलीय. आईचं टेबल ठेवलंय म्हणजे आळीत कुणाची हात लावायची छाती नाही. आलीस तर कळेल.

शेवटचं ता. क. पाकीट यांना धड चिकटवता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी ते पुन्हा उघडलं, आणि वाचलं. मी वाचलंय हे यांना सांगू नका. घ्यावं की नाही हा प्रश्न तर मिटला म्हणायचा. एवढं लांबलचक पत्र उगाच लिहिलं, पण फाडत नाही. मी आत्ता खिडकीतून बघितलं. टेबल उभं आहे, त्याच्या चारही बाजूंनी बर्फ आहे, आणि टवक्याचा कोपरा आपल्या दाराकडे आहे. फक्त आज ऊन पडलंय, वन्सं, आणि छपरावरून थेंब गळायला लागलेत. बर्फ आहे तोवरच जागा आपली, हा कायदा तुम्हीही जाणता. तेव्हा उलट टपाली लिहा. दोनच ओळी पुरेत, पण डाव्या हातानं लिहा; अक्षरावरून मला हाताचं कळेल.

लॉ.